झाडाला स्नायू असतात काय?

भाताच्या खाचरात किंवा एखाद्या उथळ तळ्याच्या तळाशी एक हिरवी, खरखरीत वनस्पती वाढते. हातात घेऊन चुरगाळली तर कुरकुरते, कारण तिच्या अंगावर चुन्याचे पुट बसलेले असते. वासही काहीसा लसणासारखा, नकोसा. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला कारा म्हणतात, आणि तिच्या एका नाजूक बहिणीला नायटेला. दिसायला दोघीही सामान्य. परंतु नायटेलाच्या दोन पेऱ्यांमधले अख्खे कांडे म्हणजे एकच पेशी असते. आपल्या शरीरातील पेशी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत; ही मात्र काही सेंटिमीटर लांब, चिमटीत धरता येईल अशी.

ही पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की आत रहदारी चाललेली दिसते. पेशीतील पातळ द्रव्य एका बाजूने वर जाते, टोकाला वळसा घेते आणि दुसऱ्या बाजूने खाली येते. मध्ये भिंत नाही, पडदा नाही. तरी दोन प्रवाह शेजारून उलट दिशांना वाहतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. इटलीतील बोनाव्हेन्तुरा कोर्ती या धर्मगुरूने १७७४ साली हे प्रथम पाहून लिहून ठेवले. वेगही थोडाथोडका नाही. सेकंदाला सुमारे ५० ते ७० मायक्रोमीटर, म्हणजे मिनिटाला तीन-चार मिलिमीटर. एका पेशीच्या मानाने ही आगगाडीच म्हणावयाची. आणि ती चालावीच लागते. साखरेच्या एका कणाला एवढ्या लांब पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसते पसरत पसरत जावयाचे असते, तर आठवडेच्या आठवडे लागले असते.

आता प्रश्न असा, की हे द्रव्य ढकलते कोण? झाडाला हृदय नाही, स्नायू नाहीत. निदान शाळेत आपण तसे शिकलो. दीडशे-पावणेदोनशे वर्षे लोकांनी नाना तर्क केले. ते सगळे सांगत बसलो तर वेळ पुरणार नाही. खरा धागा हाती लागला तो १९५६ साली, जपानात. ओसाका येथील नोबुओ कामिया आणि कियोको कुरोदा या दोघांनी नायटेलाच्या पेशीत प्रवाहाचा वेग ठिकठिकाणी मोजला. पेशीच्या भिंतीला आतून हरितकणांचा एक थर चिकटलेला असतो. तो जागचा हलत नाही. त्याच्या आत वाहते द्रव्य. या दोघांनी दाखवून दिले, की जोर लागतो तो नेमका या स्थिर थराच्या आणि वाहत्या द्रव्याच्या सीमेवर. नदीला जणू तिचा काठच ढकलीत होता! मग त्या काठाशी असे होते तरी काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला जरा आडवाटेने, हंगेरीत जावे लागेल. तेथील सेगेद हे गाव लाल मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील विद्यापीठात आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी नावाचे शास्त्रज्ञ होते. याच मिरचीतून त्यांनी क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात काढले होते आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले होते. पुढे ते स्नायूंकडे वळले. स्नायू आखडतो कसा, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या सहकारी इलोना बांगा यांना असे आढळले, की सशाचा स्नायू मिठाच्या पाण्यात थोडाच वेळ भिजवला तर मायोसिन नावाचे प्रथिन पातळ निघते. रात्रभर भिजत ठेवला तर तेच दाट, चिकट निघते. म्हणजे रात्रीतून आणखी काही तरी त्यात उतरत होते. ते काही तरी म्हणजे काय, हे ब्रूनो श्ट्राउब या तरुण सहकाऱ्याने १९४२ साली, महायुद्ध पेटलेले असताना, शोधून काढले. ते होते ॲक्टिन. (हे श्ट्राउब पुढे १९८८-८९ मध्ये हंगेरीच्या अध्यक्षीय मंडळाचे प्रमुख झाले. प्रथिने शुद्ध करणाऱ्या माणसाने राष्ट्रप्रमुख व्हावे, असे सहसा घडत नाही, म्हणून सांगितले.)

श्ट्राउबची कृती आजही थोड्या फेरफाराने चालू आहे, आणि ती आपण समजून घेतली पाहिजे. कारण पुढची सगळी अडचण तिच्यातच आहे. सशाचा स्नायू बारीक करावयाचा, मिठाच्या पाण्याने त्यातले मायोसिन धुऊन काढावयाचे, उरलेला चोथा ॲसिटोनमध्ये वाळवून त्याची भुकटी करावयाची. ही भुकटी गार पाण्यात भिजवली, की ॲक्टिन पाण्यात उतरते. ते पाणी अगदी पातळ असते, कारण त्यात ॲक्टिनचे सुटे मणी असतात. या पाण्यात थोडे पोटॅशियम क्लोराइड आणि मॅग्नेशियमचा क्षार टाकला, की पाहता पाहता पाणी दाट होऊ लागते. मणी एकाला एक जुळतात आणि दोन पदरी पीळ घातलेली दोरी तयार होते. या दोरीची जाडी फक्त सात नॅनोमीटर. क्षार काढून घ्या, पुन्हा मणी सुटे. प्रत्येक मण्याजवळ एटीपी नावाच्या ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा एक कण लागतो. तो नसेल तर मणी बिघडतो आणि मग कशाच्याच कामाचा राहत नाही.

शुद्धीकरणाची युक्ती इथेच आहे. दोऱ्या जड असतात, सुटे मणी हलके. दोऱ्या बनवून द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये अतिशय जोराने फिरवले, की दोऱ्या तळाला बसतात आणि भेसळ वर राहते. वरचे टाकून द्यावे, तळचे पुन्हा सुटे करावे, पुन्हा दोऱ्या कराव्या. ताक घुसळून लोणी काढावे, ते पाण्यात पुन्हा पुन्हा धुवावे, तसेच हे. शेवटी जे प्रथिन राहते त्याने आपली परीक्षा स्वतःच दिलेली असते. दोरी होणे आणि सुटणे या दोन्ही गोष्टी जमल्याशिवाय ते तिथवर पोचतच नाही.

हे झाले सशाचे. झाडाचे काय?

१९६६ साली नागाई आणि रेबून या दोघांनी नायटेलाची पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा हरितकणांच्या ओळींलगत बारीक तंतूंच्या जुड्या आढळल्या. त्या प्रवाहाच्या दिशेनेच पसरलेल्या होत्या, आणि ठिकाणही तेच, जिथे कामिया आणि कुरोदा यांनी जोर लागतो म्हणून सांगितले होते. हे तंतू ॲक्टिनचे असतील काय? ओळख पटवावयाची कशी? तेव्हा एक सुंदर परीक्षा नुकतीच निघाली होती. स्नायूतील मायोसिनचा तुकडा घेऊन ॲक्टिनच्या दोरीला लावला, तर तो दोरीवर ठरावीक तिरकस पद्धतीने बसतो आणि दोरीवर बाणाच्या टोकांची रांग दिसू लागते. दुसऱ्या कुठल्या तंतूवर असे बाण उमटत नाहीत. १९७४ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांत ही परीक्षा वनस्पतींवर झाली. पालेविट्झ, ॲश आणि हेप्लर यांनी नायटेलावर, विल्यमसन यांनी कारावर, कॉन्डीलिस यांनी फुलाच्या परागनलिकेवर ती केली. सगळीकडे बाण उमटले.

झाले, प्रश्न सुटला, असे पुष्कळांना वाटले. सशाच्या स्नायूत जो दोर, तोच झाडात. १९८३ साली तर शीट्झ आणि स्पुडिच यांनी नायटेलाची पेशी उभी चिरून उघडली आणि सशाच्या मायोसिनने माखलेले बारीक मणी आतल्या ॲक्टिनच्या जुड्यांवर सोडले. मणी त्या जुड्यांवरून ओळीने चालू लागले. प्रवाहाची जी मूळ दिशा, तीच या मण्यांची. माझ्या मते या शतका-दोन शतकांच्या कहाणीत एवढा देखणा प्रयोग दुसरा नाही. सशाचा बैल झाडाच्या रस्त्यावर बिनतक्रार चालला! पुढे याच दोघांना व रोनाल्ड व्हेल यांना मिळून २०१२ साली लास्कर पारितोषिक मिळाले.

पण श्रोतेहो, या प्रयोगातच एक शंका दडलेली आहे. सशाचा बैल चालला खरा, पण सेकंदाला फक्त काही मायक्रोमीटर. आणि पेशीत मूळ प्रवाह तर पन्नास-साठच्या घरात. म्हणजे झाडाचा स्वतःचा मायोसिन वेगळा, कितीतरी चपळ असला पाहिजे. मग झाडाचा ॲक्टिनही थोडा वेगळा नसेल कशावरून? त्या काळी वनस्पतीच्या कुठल्याही प्रथिनाची चाचणी घ्यावयाची, तर ॲक्टिन म्हणून सशाचाच वापरीत. तो सोपा, स्वस्त, हवा तेवढा. परक्या गावच्या मापाने आपले धान्य मोजण्याचाच हा प्रकार झाला. माप थोडे लहान आहे की मोठे, हे समजावयाचे तर आपले स्वतःचे माप हवे. म्हणजे वनस्पतीतून ॲक्टिन शुद्ध स्वरूपात काढलेच पाहिजे.

आणि इथे घोडे पेंड खाई!

वांगे चिरले की ते लगेच पाण्यात का टाकावे लागते, हे घरातल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. नाही तर ते काळे पडते. वनस्पतीच्या पेशीत मधोमध एक मोठी पोकळी असते, रिक्तिका. तिच्यात आंबट रस असतो, कषाय द्रव्ये असतात आणि प्रथिने तोडून टाकणारे घटकही असतात. पेशी जिवंत असते तोवर हे सारे पिशवीत बंद. पण पाने खलबत्त्यात घातली की पिशवी फुटते. कषाय द्रव्ये हवेशी मिळून काळी होतात आणि प्रथिनांना चिकटून त्यांची चामड्यासारखी गत करून टाकतात. चामडे कमावण्यासाठी बाभळीची साल वापरतात ती याच गुणामुळे. उरलेली प्रथिने तोडणाऱ्यांच्या तावडीत सापडतात. स्नायू मऊ असतो. झाडाच्या पेशीला मात्र कठीण भिंत, म्हणून ती जोराने दळावी लागते आणि दळताना उष्णता निर्माण होते. शिवाय ॲक्टिन मुळात थोडे. सशाच्या स्नायुतंतूंत सुमारे पाचवा हिस्सा ॲक्टिनच. पानात मात्र विरघळणाऱ्या प्रथिनांचा निम्म्यापर्यंत भाग रुबिस्को या एकाच प्रथिनाने व्यापलेला असू शकतो. गवताच्या गंजीतील सुई म्हणावयाची, ती हीच. ॲक्टिनला सांभाळण्यासाठी एटीपी आणि कॅल्शियम हवे, तर दळलेल्या रसात एटीपी फस्त करणारे घटक टपून बसलेले! म्हणून सारे काम बर्फावर, थंड खोलीत, घाईने करावे लागते. कषाय द्रव्ये शोषून घेणारी भुकटी आधीच घालून ठेवावी लागते, आणि प्रथिने तोडणाऱ्यांना रोखणारी औषधेही.

१९८० च्या सुमारास टोमॅटो, सोयाबीन अशा वनस्पतींतून ॲक्टिन काढण्याचे प्रयत्न झाले. डीएनएज नावाचे एक प्रथिन ॲक्टिनला घट्ट धरते, त्याचाही गळ म्हणून वापर करून पाहिला. पण ती पकड इतकी घट्ट, की सोडविण्यासाठी कडक रसायने घालावी लागत, आणि सुटलेला ॲक्टिन बहुधा निकामी झालेला असे. मासा गळाला लागला, पण गळ काढताना मेला.

१९९२ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात अँडर्सलँड, जेगेनडॉर्फ आणि आपल्याकडील नावाचे पार्थसारथी या तिघांनी मटाराच्या कोवळ्या मुळांतून ॲक्टिन वेगळा केला. मुळे निवडली हे शहाणपणाचे. त्यांत हिरवा रंग नाही, रुबिस्कोची गर्दी नाही. त्यांनी रस एका उभ्या काचेच्या नळीतून सोडला. नळीत भरलेल्या कणांवर धन विद्युत्भार होता. ॲक्टिनवर ऋण भार जास्त, म्हणून तो कणांना चिकटतो. पुष्कळ प्रथिने सरळ वाहून जातात. मग मिठाचे प्रमाण हळूहळू वाढवीत पाणी सोडावे, म्हणजे एकेक प्रथिन आपापल्या पाळीने सुटते. ज्या वाटीत ॲक्टिन उतरला ती बाजूला घेऊन पुढे दोऱ्या करण्याची तीच श्ट्राउबची युक्ती.

त्याच वर्षी चीनमधील संशोधकांनी आणखी चांगली जागा शोधली, ती म्हणजे मक्याचे पराग. ही निवड किती अचूक होती हे कळण्यासाठी मक्याच्या शेतात क्षणभर उभे राहावे लागेल. कणसाच्या टोकाला केसांचा झुबका असतो. त्यातला प्रत्येक केस आत एकेका होऊ घातलेल्या दाण्याशी जोडलेला असतो. तुऱ्यावरून उडालेला परागकण केसावर पडतो, रुजतो आणि त्यातून एक नलिका निघते. ही नलिका केसाच्या आतून खाली दाण्यापर्यंत गेली तरच दाणा भरावयाचा. केस वीस-पंचवीस, कधी तीस सेंटिमीटरही लांब. आणि हे अंतर नलिका साधारण एका दिवसात कापते. नलिकेच्या आत द्रव्य कडेकडेने पुढे जाते आणि मधून मागे येते, एखादे कारंजे उलटे धरावे तसे. आणि नव्या भिंतीचे सामान टोकापर्यंत वाहून नेते. वाट अर्थातच ॲक्टिनची. म्हणून परागकणात ॲक्टिनचा साठा भरपूर असतो. कणसात दात पडल्यासारख्या दाण्यांच्या मोकळ्या जागा दिसतात ना, त्यांची कारणे अनेक असतात. पण त्यातल्या पुष्कळ ठिकाणी एवढेच घडलेले असते, की एक नलिका वेळेत पोचली नाही.

आता परागांत आणखी एक प्रथिन आहे, प्रोफिलिन. त्याची कीर्ती दोन प्रकारची. १९९१ साली व्हिएन्नातील संशोधकांना आढळले, की भूर्ज वृक्षाच्या परागांमुळे ज्यांना शिंका येतात, डोळे चुरचुरतात, त्यांच्यापैकी काहींचे शरीर याच प्रोफिलिनवर उलटलेले असते. दुसरा गुण असा, की हे प्रथिन ॲक्टिनचा सुटा मणी अलगद धरून ठेवते. आणि त्याच वेळी त्याची दुसरी बाजू प्रोलिन या अमिनो आम्लाच्या लांब साखळीला चिकटते. १९९७ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात स्टायगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच गळ केला. नळीतल्या कणांवर प्रोलिनची साखळी, साखळीला प्रोफिलिन, आणि प्रोफिलिनच्या मुठीत मक्याचा ॲक्टिन. बाकी सारा रस वाहून जाऊ द्यावयाचा. आणि महत्त्वाचे म्हणजे ही मूठ सैल करता येते. मासा जिवंत हाती लागतो. ज्या प्रथिनाने माणसाला शिंका येतात त्यानेच हे काम सोपे करावे, ही त्यातली गंमत.

जिवंत आहे म्हणजे कशावरून? त्याचीही परीक्षा त्यांनी घेतली. शुद्ध केलेल्या ॲक्टिनला चमकणारा रंग जोडून तो अतिबारीक सुईने ट्रॅडेस्कँशिया या फुलाच्या पुंकेसरावरील केसांच्या जिवंत पेशीत सोडला. मक्याचा ॲक्टिन त्या परक्या फुलाच्या दोऱ्यांत जाऊन मिसळला.

बरं, एवढा खटाटोप करून निष्पन्न काय झाले? सशाचे माप खोटे निघाले की खरे?

इथे उत्तर सरळ नाही, आणि मला तेच मोलाचे वाटते. मक्याच्या ॲक्टिनच्या दोऱ्या सशाच्या दोऱ्यांसारख्याच जुळतात, जवळजवळ तितक्याच सहजपणे. त्यात नवल नाही. ॲक्टिनच्या मण्यात सुमारे ३७५ अमिनो आम्ले असतात, आणि झाड व प्राणी यांच्या ॲक्टिनची तुलना केली तर शंभरातील ऐंशीहून अधिक जागी ती एकच आहेत. झाडे आणि प्राणी यांच्या वाटा वेगळ्या होऊन शंभर कोटींहून अधिक वर्षे झाली असावीत. एवढ्या काळात या प्रथिनाने आपला चेहरा फारसा बदललेला नाही. तेव्हा नुसत्या दोरीपुरते बोलावयाचे तर ससा चालेल.

पण पेशीत दोरी एकटी कधीच नसते. तिच्यावर मायोसिन चालतो, प्रोफिलिन तिचे मणी पुरवतो, आणखी कोणी तिला कापतो, कोणी बांधतो. या सोबत्यांशी वागताना उरलेल्या जागांचा फरक दिसू लागतो. ॲराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातले छोटेसे रोपटे. त्याच्यात ॲक्टिनची दहा जनुके आहेत, त्यांतली आठ कामाची. काही पाने-मुळांसाठी, काही फुलोरा-परागांसाठी. २००२ साली रिचर्ड मीगर यांच्या गटाने परागातला ॲक्टिन पानांत मुद्दाम भरपूर तयार करवला. दोन्ही ॲक्टिनच, दोघांत फरक अगदी थोडा. पण झाडे खुजी राहिली, पाने वेडीवाकडी झाली. पुढे २०१८ साली जपानी संशोधकांनी याच रोपट्याच्या मायोसिनांची चाल त्याच्याच तीन प्रकारच्या ॲक्टिनवर मोजली आणि आधी स्नायूच्या ॲक्टिनवर घेतलेल्या मापांशी ताडून पाहिली. मापे जुळली नाहीत. इतकेच नव्हे, तर रोपट्याच्याच एका ॲक्टिनवर मायोसिन एका चालीने चालतो आणि दुसऱ्यावर दुसऱ्या. म्हणजे झाडात एक रस्ता नसून अनेक रस्ते आहेत, आणि गाडी तीच असली तरी रस्त्यागणिक तिचा वेग बदलतो. वर्षानुवर्षे सशाच्या ॲक्टिनवर घेतलेले झाडांचे आकडे त्यामुळे पुन्हा तपासून घेणे भाग आहे.

पेशीतला हा रस्ता म्हणजे डांबरी सडकही नव्हे, बरं का. ॲराबिडॉप्सिसच्या कोवळ्या पेशीत एकेका दोरीवर नजर ठेवली, तेव्हा २००९ साली असे दिसले, की ती सेकंदाला दीड-दोन मायक्रोमीटर वाढते, ठिकठिकाणी तुटते आणि अर्ध्या मिनिटाच्या आतच नाहीशी होते. मक्याच्या परागात तर एकूण ॲक्टिनपैकी शेकडा सुमारे दहाच दोरीच्या रूपात असतो. बाकी सुटे मणी प्रोफिलिनच्या मुठीत राखून ठेवलेले. रानटी खसखशीच्या फुलात याचा उपयोग पाहावा. तिच्या कुक्षीवर त्याच झाडाचा पराग पडला, तर नको त्या घरची सोयरीक म्हणून त्याला परतवावे लागते. मग काही मिनिटांतच त्या परागनलिकेतील ॲक्टिनच्या दोऱ्या विरघळू लागतात आणि नलिका जागच्या जागी थांबते. परका पराग असला तर दोऱ्या शाबूत.

वेगाचा आणि वाढीचा संबंध कुठपर्यंत जातो, हे जपानातच मोतोकी तोमिनागा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवले. त्यांनी ॲराबिडॉप्सिसच्या मायोसिनचे चालते अंग काढून तिथे काराचे वेगवान अंग बसवले. पेशीतील प्रवाह वाढला आणि झाड नेहमीपेक्षा मोठे झाले. माणसाच्या एका संथ मायोसिनचे अंग बसवले, तर झाड लहान राहिले. कुंडीतल्या रोपट्यात जे घडले ते उद्या लगेच ज्वारी-मक्याच्या शेतात घडेल, असे कोणी समजू नये. पण पेशीतल्या गाडीचा वेग आणि झाडाची उंची यांची गाठ आहे, एवढे त्यातून स्पष्ट झाले. त्या काराची तर गोष्टच निराळी. २०२२ साली तिच्या एका मायोसिनचा वेग सेकंदाला ७० मायक्रोमीटरच्या आसपास भरला. आजवर माहीत असलेल्या मायोसिनांत हा सर्वांत वेगवान. ज्या वनस्पतीत कोर्तीने १७७४ साली प्रवाह पाहिला, तिच्याच कुळातली ही.

तेव्हा झाडाला स्नायू असतात काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे: स्नायू नसतात, पण स्नायू ज्या दोन प्रथिनांचे बनलेले आहेत, ती दोन्ही असतात, आणि त्यांतला एक तर आपल्यापेक्षा दसपटीने चपळ असू शकतो.

हा प्रवाह पाहावयाला कॉर्नेल किंवा ओसाका गाठावयाला नको. बऱ्याच बागांत, शाळांच्या कुंड्यांतही, रिओ नावाचे एक रोप लावलेले असते. त्याची पाने वरून हिरवी, खालून जांभळी, आणि पानांच्या बेचक्यात होडीच्या आकाराच्या वाट्यांतून लहान पांढरी फुले डोकावतात. सकाळी उमललेले ताजे फूल घ्यावे. पुंकेसराच्या दांड्यावर मण्यांच्या माळेसारखे बारीक केस असतात. ते चिमट्याने अलगद काढून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवावे, वर पातळ काच ठेवावी आणि शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली पाहावे. माळेतला प्रत्येक मणी ही एक पेशी. तिच्या मधल्या पोकळीतून द्रव्याचे बारीक धागे आरपार गेलेले दिसतील. घाई करू नये. एखाद्या धाग्यावर डोळा स्थिर ठेवला, की मिनिटाभरात त्यावरून बारीक कण एकामागून एक सरकताना दिसू लागतात. पाणी बर्फासारखे गार असेल तर ते मंदावतात. थोडे कोमट होऊ द्यावे, म्हणजे पुन्हा चालू लागतात.